फिर्यादीतलं नाव

नेमणुकीच्या पत्रावर सही करायची तेवढी राहिली होती, आणि जिनदत्त मगदुमांच्या मोबाइलवर उमेदवारांची चौकशी करून देणाऱ्या एजंटाचा संदेश येऊन पडला. 'शिवांजली, राहणार पलूस. मारामारीचा गुन्हा दाखल.' मगदुमांनी पेनाला टोपण लावलं.

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ त्यांचा हळद दळायचा कारखाना. माणूस व्यवहाराला चोख. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय पोत्याला हात लावायचा नाही. माणसाच्या बाबतीत मात्र त्यांना एक ओळ पुरली! हळदीची प्रत तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांना शिकलेलं माणूस हवं होतं. शिवांजलीनं मुलाखतीत त्यांनाच दोन गोष्टी शिकवल्या होत्या, आणि 'सोमवारपासून ये' असं ते खुशीनं सांगूनही बसले होते. तिला न विचारता एजंटाला कामाला लावलं ते मागाहून, हल्ली सगळेच लावतात म्हणून.

बरं, नकार द्यायचा तर मुकाट्यानं द्यावा. मगदुमांनी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर तिच्या नावासकट टाकून दिलं, 'सावध राहा.' चौघांनी लगेच त्यांचे आभारही मानले.

मग त्यांनी तात्याबांना बोलावलं. तात्याबा पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता कारखान्याच्या फाटकावर असत. त्या मुलीला फोन करून येऊ नको म्हणून कळवा, असं मगदुमांनी फर्मावलं. तात्याबांनी कारण विचारलं, मोबाइलवरची ती ओळ दोनदा वाचली आणि कुणी बसा म्हणायच्या आत समोरच्या खुर्चीत बसले.

"मालक, ह्यो फोन मी करणार न्हाई," ते म्हणाले. "वीस वर्सं ठाण्यात बसून फिर्यादी लिवल्यात मी. बांधावरनं भावकीत भांडान झालं की मारणारी दोघं असत्यात आन् नावं धा सांगत्यात. त्यातबी घरात कुणी शिकत आसंल, भरतीला पळत आसंल, तर त्याचं नाव हटकून घालत्यात. त्याची नोकरी जावी म्हणून."

हिचंही नाव असंच गोवलंय कशावरून, असं म्हणत मगदूम चिडले. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. कारखान्यात चाळीस बायका कामाला येत, उद्या काही वाकडं घडलं तर जाब त्यांनाच द्यावा लागणार होता.

"मला तरी कुठं ठावं हाय? म्हणून तर तिला इचारायचं," तात्याबा शांतपणे म्हणाले. "चौकशी करू नका असं न्हाई म्हणत मी. पर तिला सांगून, तिची संमती घिऊन करा. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतोय की, तिचा तीच अर्ज करंल. माणसाची खाजगी माहिती जपायचा नवा कायदा आलाय, त्याचा रोखबी त्योच हाय. गुन्हा दाखल झाला म्हंजी शाबीत झाला व्हय? कोर्टानं काय केलं, ते लिवलंय का एजंटानं? आन् समजा झाली आसंल शिक्षा, तर कशाबद्दल, किती वर्सांमागं, तुमच्या कामाशी तिचा काय संबंध, ह्ये बगायला नगं? न्हाईतर मालक, भावकीनं नुस्ता नेम धरलाय, चाप तुमी वढताय."

मगदुमांनी एजंटाचा संदेश पुन्हा वाचून बघितला; कोर्टाचा त्यात उल्लेखच नव्हता. शेवटी त्यांनी स्वतःच फोन लावला, काय कळलंय ते शिवांजलीला स्पष्ट सांगितलं आणि तुझं म्हणणं ऐकायचंय म्हणून बोलावून घेतलं.

दुपारच्या एस.टी.नं ती आली. रडली नाही, रागावलीही नाही. पिशवीतून कोर्टाच्या निकालाची नक्कल काढून तिनं टेबलावर ठेवली. भावकीतल्या त्या भांडणाच्या दिवशी ती कराडला कॉलेजात परीक्षेला बसली होती. कोर्टानं तिला निर्दोष सोडलं, त्यालाही तीन वर्षं होऊन गेली होती.

"मागं तीन ठिकाणी मुलाखत चांगली झाली आन् पुन्ना फोनच आला न्हाई," ती म्हणाली. "मला वाटायचं, मीच कुठंतरी कमी पडती. ह्या कारणानं आसंल, असं मनातबी आलं न्हाई. इचारणारं तुमीच पहिलं भेटलासा, काका."

त्या शब्दांनी मगदुमांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दरवर्षी जैनांच्या क्षमावाणीच्या दिवशी ते सगळ्या यार्डाला हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणत. आपण नेमकी कशाची क्षमा मागतोय, हे ठाऊक असताना हात जोडायची वेळ आजच आली होती. सकाळी ग्रुपवर काय लिहिलं ते त्यांनी तिला दाखवलं, आणि आता काय लिहू ते तूच सांग, असं म्हणाले.

तिनं थोडा विचार केला. "माझं नाव पुन्ना नगं. तुमी न इचारता लिवलं, ते चुकलं, एवढंच लिवा."

त्यांनी तसंच लिहिलं. शिवाय त्या चौघांना एकेकाला फोन केला. तिघांनी ऐकून घेतलं. चौथा म्हणाला, आगीशिवाय धूर निघत नाही, मगदूम. आपण पेरलेली शंका परत घेणं किती अवघड असतं, ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी फोन ठेवला आणि नेमणुकीच्या पत्रावर सही केली.

वाचकहो, नोकरी देणाऱ्यानं चौकशी करावी, जरूर करावी. पण ती माणसाच्या पाठीमागं न करता त्याला समोर बसवून करावी, आणि नुसत्या आरोपाला अपराध समजू नये. कुठल्या तरी घरी एखादी शिकलेली मुलगी न आलेल्या फोनची वाट बघत, आपल्यातच काही खोट आहे असं समजून बसलेली असते. तिला एकदा विचारायला आपलं काय जातं?