तीन दहाचा कॉल

"चौकी सातची नोंद आज काढून टाका बरं. चौकीच राहिली नाही, तर तिची प्रोसेस कशाला ठेवायची?" साहेब दारातूनच म्हणाले आणि मीटिंगला गेले.

सर्व्हरची सेटिंगं सांभाळणाऱ्या त्या इसमाने नुसती मान हलवली. सांगणार तरी काय? दोन वर्षांपूर्वी पुरात वाहून गेलेली ती नदीकाठची चौकी रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कॉल करते म्हणून? वेड्यात काढलं असतं! तिथे आता तार नाही, खांब नाही, पाण्याची पातळी कळवणारा त्याचा दादाही नाही. तरी लॉगमध्ये, सर्व्हरच्या नोंदवहीत, रोज एक ओळ उमटते: चौकी सात, कॉल आला, उत्तर नाही.

उत्तर का नाही, ते मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक चौकीचा निरोप घ्यायला मुख्य सर्व्हरवर एक प्रोसेस, म्हणजे सतत चालणारा छोटा प्रोग्राम, असे. सर्व्हर धापा टाकायला लागला, तेव्हा यानेच शक्कल काढली: दहा मिनिटं कॉल आला नाही की प्रोसेस बंद, कॉल आला की आपोआप चालू. चालू व्हायला चाळीस सेकंद लागत. चौकीतलं यंत्र तीसच सेकंद वाट बघे. हे दोन आकडे शेजारी मांडून बघायचं काही या शहाण्याला सुचलं नाही. वर शाबासकी मिळाली. आग लागो त्या शाबासकीला!

पुराच्या त्या दुपारी तीन दहाला आलेला दादाचा पहिला कॉल असाच वाया गेला. त्याने पुन्हा बटण दाबेपर्यंत तार तुटली. मुख्य कार्यालयाचा होकार आल्याशिवाय चौकी सोडायची नाही, असा नियम होता. दादा नियमाचा पक्का; थांबला आणि चौकीबरोबरच वाहून गेला. चौकशीत कारण आलं, 'तार तुटली.' हा तोंड शिवून बसला.

दादाच्या जागी नोकरीला लागलेली वहिनी शेजारच्याच टेबलावर बसे. तीन वाजता त्याने नोंद उघडली, पण काढली नाही. 'रिकामी राहिल्यास बंद' याच्यापुढे 'कधीच नाही' लिहिलं आणि प्रोसेस चालू केली.

"भाऊजी, ही नोंद काढायची होती ना?"

मग त्याने सगळं सांगून टाकलं. पहिल्या कॉलचं, चाळीस सेकंदांचं, तिसांचं.

"म्हणजे तारेमुळे नाही?"

"नाही वहिनी. माझ्यामुळे."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं, एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

तीन दहा झाले. कीबोर्डला कुणी हात लावला नव्हता. पडद्यावर आपणहून अक्षरं आली.

चौकी सात. पातळी नऊ मीटर चाळीस. चौकी सोडू का?

जागी असलेल्या प्रोसेसने खाली आपली ठरलेली ओळ टाकली: निरोप मिळाला. चौकी सोडा.

पलीकडून कॉल बंद झाला.

मग वहिनीने हळूच विचारलं, "उत्तर जायला किती वेळ लागला?"

"सेकंदसुद्धा नाही."

"एवढाच?" ती म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून टेबलावर वाकली.