न प्यायलेली कॉफी

कप सतरंजीवर ठेवलेला — बिनकानाचा, तळाशी घोटभर कॉफी, वेलदोड्याचा वास अजून वर येणारा — आणि घरधनी ध्याबची नजर तिथेच खिळली, कारण करकच्या त्या मुलखात पाहुणा न पिता कप खाली ठेवतो तो काही मागायला आलेला असतो, आणि शब्द मिळाल्याशिवाय पीत नाही. बापाने असाच कप ठेवून त्याच्यासाठी बायको मागितली होती... ही लुजैन मात्र राजधानी अम्मानची, पाहणीसाठी घरोघर लोकांची मतं विचारत हिंडणारी. तिला टॅबलेट धरायला फक्त हात मोकळे हवे होते. तरी सवयीने त्याच्या तोंडून गेलंच.

"माग पोरी. दिलं."

ती गोंधळली, मग लक्षात येऊन ओशाळली. "चुकलं काका. पण आता मागूनच घेते. खरं उत्तर द्या. सगळे देतात तसलं नको."

झालं, ध्याब शब्दात अडकला. निवडणुका हव्यात का? हव्यात, म्हणाला. भाऊबंदांपैकीच एकाला त्याने निवडून दिलं होतं, आणि मुलीच्या, वतफाच्या कामासाठी त्या गृहस्थाने फोनही उचलला नव्हता; तरी हव्यात.

"आणि कायदे शरियतप्रमाणे असावेत?"

याला जन्मभर त्याच्याकडे एकच उत्तर होतं, 'हो', विचार न करताच तोंडी येणारं. पण पडद्याआड वांगी चिरणारी सुरी थांबली. वतफा, तलाक होऊन माहेरी आलेली. चांगलं स्थळ आलं होतं, शुक्रवारी ते लोक उत्तराला येणार होते. आणि तिने लग्न केलं तर तिचा मुलगा सैफ बापाकडे जाईल, असं काझीने समजावून, अगदी आदराने सांगितलं होतं. देव अन्याय करत नाही, हे ध्याबला पक्कं ठाऊक — मग ही पोर मुलाचे बूट उशाशी घेऊन का झोपते? देव चुकत नाही, तर चुकतं कोण... काझी? की मीच, मान डोलावून उठून आलो तो?

"काका, 'सांगता येत नाही' असंही चालतं."

"चालतं कसं? कप खाली ठेवलेल्या पाहुण्याला मी रिकाम्या हाताने लावून देऊ?"

लुजैन हसली. तो हसला नाही. वतफाला या घरात कधी कुणी काही विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळी नाही, तलाकच्या वेळी नाही, शुक्रवारबद्दलही नाही. सुरी अजून थांबलेलीच होती. आता विचारलं तर ती काय म्हणेल याची त्याला भीती वाटली, आणि ते ऐकल्याशिवाय आपलं उत्तर आपल्याला सापडायचं नाही, असंही वाटलं. तो पडद्याकडे बघत राहिला. कॉफी गार झाली होती.