इतर वाड्यांचा तक्ता

१९८७ साली कर्जतच्या एका धर्मादाय आरोग्य केंद्रात संगणक आला आणि मुलांच्या लसीकरणाची नोंदव्यवस्था रचण्याचे काम सहदेव रोकडे यांच्याकडे आले. तंत्रनिकेतनात शिकलेल्या शिस्तीनुसार त्यांनी आधी गावांचे नकाशे मिळवले. गावठाण, मोहल्ला, बौद्धवाडा, डोंगरातली वाडी अशी वस्ती जशी बसलेली होती, तशीच त्यांनी रचना केली. प्रत्येक वस्तीला तीन स्वतंत्र तक्ते: कुटुंबांचा, मुलांचा, लसींचा. प्रत्येक वस्तीत एकपासून सुरू होणाऱ्या कुटुंब क्रमांकाने ते एकमेकांशी जोडलेले.

"सर, खालापूरकडची गावं अजून यायची आहेत," नोंदी भरणारा झहीर म्हणाला. "मावतील ना?"

"फ्लॉपी अर्धीही भरलेली नाही."

काही दिवसांनी नवा तक्ता उघडेना. फ्लॉपीवर जागा शिल्लक होती. पण तिच्यावर किती तक्ते ठेवता येतात याची मर्यादा निराळी होती, आणि ती सहदेवांनी पाहिलीच नव्हती. संस्थेच्या मंडळींना काम दाखवण्याचा दिवस जवळ आला होता. डोंगरातल्या उरलेल्या वाड्या त्यांनी 'इतर' नावाच्या तक्त्यांत एकत्र घातल्या. वाडीचे नाव लिहायला त्यांत रकाना नव्हता, कारण तोवर तक्त्याचे नाव हेच वस्तीचे नाव होते.

पावसाळ्यानंतर कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून चंद्राबाई नातीला कडेवर घेऊन उतरल्या. शेजारच्या वाडीत गोवर आला होता.

"दोनदा परत धाडलं मला," त्या सहदेवांच्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या. "सुई दिली असं लिवलंय म्हनं. आवं, पोरीचा दंड बगा की!"

झहीरने 'इतर'चा तक्ता काढून मोठ्याने वाचत शोध घेतला. कुटुंब क्रमांक सात दोनदा होता, दोन वेगळ्या वाड्यांतला. एका मुलीची लस दुसरीच्या नावावर चढली होती.

"ह्ये 'इतर' काय हाय?" चंद्राबाईंनी विचारले.

"डोंगरातल्या वाड्या," झहीर हळूच म्हणाला.

"आमच्या वाडीला नाव नाय व्हय? सायब, तुमच्या वाडीला हाय का?"

"आहे," सहदेव म्हणाले, आणि त्यांची मान खाली गेली. सर्वांत पहिला तक्ता त्यांनी आपल्याच बौद्धवाड्याचा केला होता. त्यांच्या लहानपणी गावसभेत घरोघरची नावे पुकारली जात आणि शेवटी 'आणि इतर' म्हटले, की वडील, बुधाजी, उठून उभे राहत. "इतर कोण? नाव घ्या," ते म्हणत.

सहदेव स्वतः मुलीला नर्सबाईंकडे घेऊन गेले. "चूक माझी आहे. हिला लस मिळालेली नाही."

सुई टोचताच मुलीने भोकाड पसरले.

"रड गं, रड," चंद्राबाई म्हणाल्या. "लिवनाऱ्याला ऐकू जाऊ दे."

चंद्राबाई नातीला घेऊन गेल्या आणि सहदेव परत संगणकापाशी बसले. सगळ्या वस्त्यांना मिळून तीनच तक्ते आणि त्यांत वस्तीच्या नावाचा एक रकाना, एवढे पुरेसे होते. मग कितीही वाड्या आल्या तरी नुसत्या ओळी वाढल्या असत्या. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे सुचले असते. त्यांना सुचले नव्हते, कारण वस्त्या वेगळ्याच ठेवायच्या असतात हे त्यांनी विचार न करताच मान्य केले होते.

"सर, या मुलीपासून सुरू करतो," झहीर म्हणाला. "वाडीचं नाव काय लिहू?"

सहदेवांनी कागदांचा गठ्ठा पाहिला. त्यावरही त्यांच्याच अक्षरात 'इतर' होते. चंद्राबाईंना त्यांनी वाडीचे नाव विचारलेच नव्हते.

त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि कोंडाण्याच्या वाटेने, जवळजवळ धावतच, त्या गेल्या त्या दिशेला निघाले.