नाकवाले काका

"फिटरनं दिलंय. म्हणाला, काकांच्या नाकाखाली धर, पुढचं ते बघतील."

टेम्पोवाल्यानं वर्तमानपत्राची पुडी काउंटरवर ठेवली आणि मान वळवून रस्त्यात आडव्या लावलेल्या टेम्पोकडे पाहिलं. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. काकांनी पुडी सोडली. आत वाटीच्या तोंडाएवढं काळं रबरी कडं होतं, एका बाजूनं उसवल्यासारखं फाटलेलं. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरच्या दांड्यावरचं सील.

काकांनी ते दोन्ही अंगठ्यांनी वाकवलं. आतल्या पातळ कडेला या धंद्यात ओठ म्हणतात, तेल अडवून धरायचं काम तोच करतो. तो ओठ उलगडून पाहिला आणि मग नेहमीसारखं सील नाकाशी नेलं. डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

नुसती हवा आत गेली. थंडीतला तो ताप आल्यापासून रोज जात होती तशीच.

"काय म्हणतंय?" टेम्पोवाला घाईला आला होता.

"पत्रे दाबणाऱ्या प्रेसचं आहे," काका म्हणाले. "साधं तेल. घासून घासून फाटलंय. पुन्हा काळंच दिलं तर पुन्हा फाटेल. पीयू देतो, प्लॅस्टिकसारखं चिवट असतं."

"तुम्ही म्हणाल ते. आपल्याला काय कळतंय!" टेम्पोवाल्यानं निळसर चकचकीत सील खिशात टाकलं आणि तो पळाला.

शेजारचा बेअरिंगवाला आपल्या पायरीवरून हे सगळं बघत होता. "डॉक्टरला नाडी लागते, आमच्या काकांना नुसतं नाक पुरतं," तो म्हणाला. "काका, हे नाक गेलं ना, तर बाजार बसेल आपला!"

काका हसले. हसताना त्यांनी शर्टाच्या बाहीला हात पुसले.

सील विकणं म्हणजे खरं तर विचारणं. दांड्यावर बसणार की पिस्टनवर? दाब किती, वेग किती? जवळपास आच आहे का? आणि सगळ्यांत आधी, आत तेल कोणतं? तेलाशी जमलं नाही तर चांगल्यातलं चांगलं सील फुगून बसतं, वाळून तडकतं, नाहीतर चिकट होऊन गळून पडतं. बाजारातले बाकीचे दुकानदार हे सगळं विचारायचे, आणि गिऱ्हाईक डोकं खाजवत परत फिटरकडे जायचं. काकांकडे तो त्रास नव्हता. जुनं सील हुंगायचं आणि सांगायचं, हे डंपरचं, हे साखळी धुणाऱ्या मशीनचं, हे कुणीतरी भलतंच तेल ओतून वाटोळं केलेलं. त्यामुळे कारखान्यांनी चिठ्ठ्या पाठवणंच सोडून दिलं होतं. जो कोणी तिकडून इकडे येत असेल त्याच्या हातात फाटकं सील द्यायचं, बस्स. लोक त्यांना नाकवाले काका म्हणायचे, आणि काकांनाही ते आवडायचं.

ताप उतरल्यावर वास परत येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. आला नाही. मग सील नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि हाताला जे कळेल त्यावरून अंदाज बांधायचा, असं सुरू झालं. बोटं शहाणी होती. बहुतेक वेळा निभावून जायचं.

संध्याकाळी काकू मोरीत कपडे धूत होत्या. काका दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

"आज भट्टीवाल्यांचं काम आलं होतं का हो?"

"छे. का गं?"

"तुमच्या बाहीवरचा डाग. साबण लावायच्या आधीच गेला, नुसत्या पाण्यानं." काकूंनी बाही उजेडात धरली. "बाकीच्यांच्या तेलाला घासून घासून माझी नखं झिजतात. भट्टीवाल्यांचंच तेवढं असं सरळ जातं. शिवाय तो गोडसर वास. मला कसंसंच होतं त्यानं."

काकांना टेम्पोवाल्याचं सील आठवलं. धातू वितळवणारी भट्टी कलती करायची तर खाली सिलिंडर लागतात, आणि आगीजवळ साधं तेल चालत नाही, गळलं की पेट घेतं. म्हणून तिथं पाण्यात मिसळलेलं, न पेटणारं तेल असतं. त्या गरम पाण्यात पीयू टिकत नाही. दिसायला पहिले काही दिवस झकास, मग आतून पाणी खाऊन मऊ पडतं, चिकट होतं, आणि एक दिवस भुगा. जुनं काळं रबरच तिथं बरोबर होतं. पुडीचा कागदही त्यांना आत्ता आठवला. ओला होता, पण तेलकट नव्हता. तेलानं कागद पारदर्शक होतो, हा झाला नव्हता. शिकाऊ माणसानंही पाहिलं असतं. पण ज्याचं सगळं आयुष्य नाकावर चाललं, त्याला कागदाकडे बघायची सवय कुठून असणार?

"अगं," ते म्हणाले, "मला वास येत नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"दूध करपून कोळसा झालं, धूर बघून शेजारीण धावत आली. तुम्ही इथंच बसला होतात, याच खुर्चीत. मला म्हणालात, आज फार शांत वाटतंय." काकूंनी शर्ट पिळला. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

सकाळची प्रार्थना होईपर्यंत काकू कुणाशी बोलत नसत. कित्येक वर्षांचा नेम होता तो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना आपल्या तोंडानं आपलीच समजूत घालावी लागली.

"एवढं काही लगेच होत नाही," ते चपला शोधत म्हणाले. "महिना जाईल, दोन जातील. गळायला लागलं की ते स्वतःच बदलतील. म्हणतील, आच फार आहे. माझं नावही निघणार नाही."

काकूंनी डोळे उघडले नाहीत.

"आणि फोनवर सांगितलं तरी चालेल. आलाय लॉटच खराब, एवढंच म्हणायचं. खोटं काय आहे त्यात? म्हणजे, आहे खोटं. पण कुणाचं नुकसान नाही."

काकू तशाच बसून होत्या. काकांना चपला सापडल्या. घातल्या, पुन्हा काढल्या. कलती होणारी भट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिच्या पुढ्यात लांब पळी घेऊन उभी असलेली माणसं.

प्रार्थना संपवून काकू उठल्या.  फक्त म्हणाल्या, "मी पण येते. चालत जाऊ."

भट्टीच्या कारखान्यात फिटर फाटकापर्यंत पुढे आला. "काका, तुम्ही? आणि काकू पण! फोन करायचा की! या, बघा तुमचं सील. रात्रपाळीनं बसवलं. एक थेंब नाही, दांडा आरशासारखा कोरडा."

खरंच होता. भट्टीखालचा तो जाड चकाकता दांडा सरकन वर गेला, सरकन खाली आला. पाळीचे मुकादम कमरेवर हात ठेवून बघत होते. तीन-चार कामगारही जमले. नाकवाले काका आलेत म्हटल्यावर गंमत बघायला आले असावेत.

"ते काढा," काका म्हणाले.

"काय काढा?"

"सील. चुकीचं आहे. तुमच्या या तेलात पीयू चालत नाही. हे घ्या, काळं आणलंय."

मुकादमांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, भट्टी तापायला घातलीय. आता काढायचं म्हणजे अर्धी पाळी गेली. चाललंय ना चांगलं? चालू दे."

"आज चालेल. नंतर नाही. भट्टी कलती असताना धरून ठेवणार नाही ते."

"पण तुम्हीच दिलंत ना?" फिटर हसायचा प्रयत्न करत होता. "वास घेऊन? टेम्पोवाला म्हणाला, काकांनी डोळे मिटून चांगला दम ओढला."

 लॉट खराब आला, हे वाक्य जिभेवर तयार होतं. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या, पदरानं कपाळ टिपत भट्टीकडे बघत होत्या.

"ओढला," काका म्हणाले. "मला वास येत नाही. ताप आला होता तेव्हापासून. मी नाटक केलं."

 एक कामगार खाली बघून हातमोजे चढवू लागला. फिटरनं मुकादमांकडे पाहिलं, मग काकांकडे.

"म्हणजे इतके दिवस—"

"अंदाजानं."

"अरे देवा." फिटरनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "गेल्या महिन्यातली तीन?"

"ती बरोबर होती. मी येता येता सगळी आठवून पाहिली. हे एकच चुकलं."

"काका, तुम्ही पण ना!" फिटर आता रागावला होता, आणि त्या रागाला कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. "विचारायचं होतंत! नाक तुमचं गेलं, आमचं तोंड होतं की जागेवर! भट्टीचं आहे का, एवढं विचारलं असतंत तर टेम्पोवाल्यानंही सांगितलं असतं."

"मी कधी विचारलं नाही कुणाला," काका म्हणाले.

"मग आता विचारा."

मुकादमांनी घड्याळ पाहिलं, सुस्कारा सोडला आणि भट्टीवाल्याला हातानं खूण केली. ज्वाला खाली बसल्या. फिटर पाने घेऊन सिलिंडरखाली शिरला. आतून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मधेच त्याचा हात बाहेर आला, "ते काळं द्या," आणि काकांनी दिलं.

"ओठ दाबाच्या बाजूला," काका म्हणाले.

"ते मला कळतं हो."

"कळतं. पण विचारायला लागलोय, तर सांगायलाही लागतो."

खालून हसल्यासारखा आवाज आला. 

काम संपेपर्यंत काका-काकू भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसली. समोर माणसं आपापल्या कामाला लागली होती. आता कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

"इथं कसला वास येतोय?" काकांनी हळूच विचारलं.

काकूंना प्रश्न अनपेक्षित होता. त्यांनी तो नीट घेतला, घाई केली नाही. "तापलेल्या लोखंडाचा. ओल्या वाळूचा. कुणीतरी चहा उकळत ठेवून विसरलंय, तो कडू झालाय." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तो तुमचा गोडसर. तिकडून, सिलिंडरकडून."

"गोडसर म्हणजे कसा? नीट सांग."

"पिकून खाली पडलेलं फळ ऊन लागून आंबतं ना, तसा. पण त्यात साबण घातल्यासारखा."

काकांनी मान हलवली. त्यांना तो आठवत होता, आणि तिनं बरोबर सांगितला होता.

"आणि माझ्या अंगाला?"

"रबराचा."

"अजून येतो?"

"येतो की," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या बाजूला थोडं सरकून बसल्या.