दहा सेकंद आणि सांभारवड्या

नितेश अकोल्यात झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. पण सोयरीक जुळवताना मध्यस्थानं "पोरगा कंप्युटरमधी आहे" असं ठोकून दिलं, आणि तेव्हापासून भातकुलीची सासरवाडी त्याच्याकडे एखाद्या सर्जनकडे पाहावं तशी पाहत होती.

त्यामुळे सासऱ्यांच्या फुलांच्या दुकानातला कंप्युटर रखडायला लागला, तेव्हा पंजाबरावांनी तो घरी आणून शिवणयंत्राच्या टेबलावर मांडला आणि जावयाला बोलावणं धाडलं. अख्खी गल्ली पाहायला हजर. आता हा चालला नाही, तर मध्यस्थाचं खोटं आजच उघडं पडणार होतं.

नितेशनं परसात जाऊन गुपचूप मोबाइलवर इलाज शोधला. डिस्क तपासायची. हुकूम लिहायचा, मशीन परत सुरू करायची, तपासणी आपोआप होते.

झाली नाही. पडदा काळा झाला, काहीतरी आकडे आले आणि पुढे लिहून आलं: तपासणी रद्द केली.

"कोणं केली जी रद्द?" पंजाबरावांनी गल्लीकडे संशयानं पाहिलं. गल्लीनं नाही म्हटलं.

नितेशनं दुसरा हुकूम लिहिला. रद्द. तिसरा. रद्द. दरम्यान पोहे झाले, भजे झाले, चिवडा झाला. चौथ्या खेपेला कोथिंबीर भरलेल्या सांभारवड्या आल्या, तेव्हा तो कळवळला, "आता बस झालं ना जी!"

"असं कसं?" सासूबाई कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमच्या कामात मी मधात येतच नाही. दारातून पाहते. पडदा काळा झाला का समजते, जवाईबापू आता रिकामे आहेत."

असं म्हणून त्यांनी ताटली ठेवली. टेबलावर जागा एकच होती. कीबोर्डावर.

नितेशनं आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावरची ओळ नीट वाचली. तपासणी नको असल्यास दहा सेकंदांत कोणतंही बटण दाबा.

सहा वड्यांनी मिळून सतरा बटणं दाबली होती.

खरं सांगावं, तर सासूबाईंच्या पाहुणचारावर खापर. न सांगावं, तर झेरॉक्सचं दुकान उघडं पडणार. नितेशनं दीर्घ श्वास घेतला, मशीन परत सुरू केली आणि कीबोर्डची वायर उपटली.

"तोडली काय जी?" पंजाबराव दचकले.

"इलाज आहे, मामाजी."

पडदा काळा झाला. शिरा आला. कीबोर्डावर बसला. दहा, नऊ, आठ... शून्य. तपासणी सुरू!

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. "हात न लावता!" पंजाबराव प्रत्येकाला सांगत सुटले. "फक्त वायर उपटली पोट्ट्यानं!"

तपासणी अडीच तास चालली. संपली, मशीन सुसाट उघडली आणि तिनं पासवर्ड मागितला.

नितेशनं वायर जोडली. कीबोर्डावर तिसऱ्यांदा भरलेली शिऱ्याची ताटली होती. कौशल्याबाई दारातून पाहत होत्या.

त्यानं मुकाट्यानं चमचा उचलला.