नोव्हेंबरच्या आधीचा धूर

घर कसं राखावं हे मेरिल पिंकहॅमला येत होतं, आणि आपल्याला ते येतं हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत तो खिडक्या लावून पडदे ओढायचा आणि तिन्हीसांजेला त्या सताड उघडायचा, त्यामुळे जुलैतही त्याच्या स्वयंपाकघरात तळघरासारखं गार वाटे. पानगळ सुरू झाली की तो घराच्या पायथ्याशी फर झाडाच्या फांद्या रची, खिडक्यांना प्लास्टिक ताणून लावी, दाराखालच्या फटीत जुन्या कपड्यांचे बोळे कोंबी. सगळं अगदी मन लावून. फक्त घर तापवायची लाकडाची शेगडी तेवढी पेटवत नसे.

शेगडी नोव्हेंबर उजाडल्यावर. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या कोपऱ्यात हा नियम कुणी घालून दिला ते कुणालाच सांगता येत नव्हतं, पण तो मोडणाऱ्याची चहाडी त्याचंच धुराडं गावभर करी. ज्याचा धूर पहिला निघेल त्याने चर्चच्या शनिवारच्या जेवणाला बीन्सची करपलेली भांडी घासायची, आणि बाकीच्यांनी मागे उभं राहून त्याच्या घासण्याला नावं ठेवायची. मेरिलने ही भांडी बऱ्याचदा घासली होती, आणि त्याला कारण रस्त्यापलीकडचा गेलन डूसेट. महिनाभर दोघं एकमेकांच्या धुराड्यावर डोळा ठेवून असत, अखेरीस मेरिल हात टेकी, आणि गेलन अन् त्याची बायको लॉरेट गुलाबी गालांनी हसत जेवायला हजर होत. ही माणसं कशाची बनलीत, असं मेरिलला दरवर्षी वाटे.

यंदा वसंतात लॉरेट गेली.

ऑक्टोबर अर्धा सरला होता. मेरिल लोकरी टोपी घालून सकाळचा खिडकीशी उभा होता. मागे त्याची बायको कार्लीन पावाला लोणी लावायला बघत होती. लोणी दगड झालं होतं आणि पावाचा भुगा होत होता.

"काय म्हणतंय धुराडं?" तिने विचारलं.

"चिडीचूप."

"मग काय त्याला सलाम ठोकत उभा राहणारेस? ये, गिळून घे चार घास. कॉफीवर बर्फ धरेल."

"एकटा पडला, तरी हटत नाही बघ पठ्ठ्या. मला वाटलं होतं यंदा तरी लवकर नमेल."

कार्लीनने सुरी खाली ठेवली. "मेरिल, तो हटून नाही बसलाय. तो नुसताच बसलाय. काल सूप घेऊन गेले होते ना? घरात अंगावर कोट, बोटं निळी पडलेली, खोकून खोकून जीव चाललाय. 'पेटव रे बाबा' म्हणणारं माणूसच उरलं नाही त्या घरात. असाच राहिला तर नाताळ बघायचा नाही तो."

"मग मी काय करू म्हणतेस?"

"हर."

मेरिलने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने त्याला कपडे काढून गावातून फिरायला सांगितलं होतं. पण विचार डोक्यात घुसला तो घुसलाच. आपण हरलो की गेलन जिंकला. जिंकला की त्याला शेगडी पेटवायला मोकळीक. शिवाय चिडवायला तो हमखास येणार, आणि आला की बोलेल, जेवेल, माणसात येईल. मेरिलला आपलीच युक्ती इतकी आवडली की ती बायकोने सुचवली होती हे तो लाकडं आणायला दाराबाहेर पडेपर्यंत विसरला.

हरायचंच तर साऱ्या गावाला दिसेल असं हरावं. त्याने शेगडीत बर्चची साल घातली, मेपलची दोन सुकी लाकडं घातली आणि वरून घमेलंभर ओला पाला. बाहेर येऊन बघतो तो धूर असा उसळला होता की पोस्टाची गाडी रस्त्यातच थांबली.

"मेरिल, घर पेटलं की काय?" पोस्टवाली बाई खिडकीतून ओरडली.

"शेगडी आहे!"

"ऑक्टोबरात? अरेरे! शनिवारी येते हं मी, घासणी घेऊन येते तुझ्यासाठी!"

आत कार्लीन शेगडीकडे पाठ करून, डोळे मिटून उभी होती. मेरिल आला तरी हलली नाही. एवढं काय त्यात, त्याच्या मनात आलं, आणि तो खिडकीशी गेला.

पलीकडून कुणी आलं नाही. जेवणं झाली, भांडी झाली. पलीकडचं धुराडं तसंच कोरडं, दार तसंच बंद. मेरिलला आधी राग आला. एवढा मोठा पराभव कुणी साधा बघायलाही येऊ नये म्हणजे काय? मग त्याला कार्लीनने सांगितलेली निळी बोटं आठवली. त्याने बूट चढवले आणि रस्ता ओलांडला.

गेलनच्या दारापर्यंत जाताना लाकडांची शेड लागते. मेरिल तिथे थबकला. शेडमध्ये एका कोपऱ्यात गेल्या सालचा थोडा भुसा पडला होता, बाकी शेड रिकामी. लाकडं वसंतात फोडून उन्हाळाभर वाळवायची असतात. ज्याने ती रचलीच नाहीत, त्याने पुढचा हिवाळा हिशेबातच धरलेला नाही. मेरिलला भीती वाटली, अगदी साधी, लहान मुलाला वाटते तशी.

गेलन स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. अंगावर कोट होता. घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गार होतं.

"धूर दिसला नाही का रे तुला?" मेरिल दारातूनच म्हणाला. "जिंकलास तू. जरा नाच तरी."

"मी नाही जिंकलो."

"म्हणजे? पाला घालून धूर केलाय मी, आंधळ्यालाही दिसेल."

गेलन खोकला. खोकला थांबायला वेळ लागला. "मी कधीच जिंकलो नाही, मेरिल. बस जरा. मागच्या खोलीत विजेचा हीटर आहे. सप्टेंबर लागला की लावायचो. त्याला धूर नसतो. लॉरेटला थंडी सोसायची नाही, आणि मला तुझ्यापुढे नमायचं नव्हतं."

मेरिल खुर्चीवर बसला. "लबाडा! इतकी वर्षं?"

"हो."

"आणि मी भांडी घासत होतो!"

"छान घासायचास," गेलन म्हणाला, आणि क्षणभर जुना गेलन दिसला. मग तो टेबलाकडे बघत म्हणाला, "ऐकतोच आहेस तर सगळं ऐक. तुझी कार्लीन पण असायची तिथे. रोज दुपारी. चर्चसाठी गोधड्या शिवतो म्हणून सांगायच्या तुला. शिवायच्या कसल्या, पाय हीटरपाशी घेऊन गप्पा मारायच्या दोघी."

 सकाळी शेगडीकडे पाठ करून डोळे मिटून उभी असलेली बायको मेरिलला दिसली.

"मला का नाही बोलली ती?"

"बोलली असती तर पेटवली असतीस?"

पेटवली नसती. ते दोघांनाही ठाऊक होतं. खिडक्यांना प्लास्टिक, फटीत बोळे, पायथ्याला फांद्या; घराची सगळी काळजी घेतली, आणि घरातलं माणूस ऊब मागायला शेजारी गेलं. मेरिलला लाज वाटली. बीन्सच्या भांड्यांपुढे उभं राहून कधी वाटली नव्हती एवढी वाटली.

"मग आता तो हीटर का लावत नाहीस?" त्याने विचारलं.

"तो तिच्यासाठी होता. मी एकटा. एका माणसासाठी कशाला घर तापवायचं?"

"आणि लाकडं? ती पण म्हणूनच नाही फोडलीस?"

 गेलनने हात कोटाच्या बाह्यांत ओढून घेतले फक्त.

मेरिल वाद घालायला तयारच होता. आपली अर्धी लाकडं उद्या ढकलगाडीने आणतो म्हणणार होता, डॉक्टरचं नाव काढणार होता, शिव्या घालणार होता. पण समोरच्या माणसाला आता स्वतःसाठी काही नकोच होतं. त्याच्या भल्याचं काही सांगून उपयोग नव्हता. मेरिलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गेलन," तो म्हणाला, "मला फार थंडी वाजतेय रे."

जन्मात हे वाक्य त्याने कुणापुढे उच्चारलं नव्हतं. बोलताना आवाज चिरकला, आणि ते नाटक नव्हतं. त्याला खरंच थंडी वाजत होती. दर ऑक्टोबरात वाजत आली होती.

गेलनने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग टेबलाचा आधार घेत उठला आणि मागच्या खोलीत गेला. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, खोकला आला, एक शिवी आली. तो परतला तेव्हा हातात हीटर होता. कोटाच्या बाहीने त्याने त्यावरची धूळ पुसली, तो मेरिलच्या पायांपाशी ठेवला आणि वायर भिंतीत खोचली. तारा आधी काळ्याच राहिल्या, मग सावकाश लाल झाल्या.

गेलन थोडा वेळ उभाच राहिला. मग त्याने आपली खुर्ची ओढली.

"सरक जरा," तो म्हणाला. "मलाही बसू दे."