टाकीवरचा चंद्र

दादाने बशी उचलली आणि चहाच्या कपावर पालथी घातली.

"हे बघा. कप म्हणजे सूर्य, बशी म्हणजे चंद्र. झाकला. इथवर मान्य. आता मला सांगा, ही बशी आली कुठून?"

डेपोच्या कँटीनमधली सगळी डोकी कपाकडे वळली, जणू बशी आत्ताच उतरून आली होती.

"फिरत फिरत आली," फोरमन म्हणाला. "पुस्तकात आहे."

"पुस्तक छापणाऱ्याने पाहिली होती? मी रोज पहिली गाडी काढतो. फाटकातून बाहेर पडलं की तोंड पूर्वेला. ग्रहण शनिवारी. म्हणजे चंद्र आत्ताच सूर्याच्या मागेपुढे कुठेतरी घुटमळत असायला हवा ना? आज पहाटे पाहिलं, काल पाहिलं. कोरं आकाश! तेव्हा सूर्याला झाकणारं जे आहे ते चंद्र नव्हे. दुसरंच काहीतरी आहे. काळं. एरवी दिसत नाही, आडवं आलं की कळतं."

 फोरमन कामावर यायचा दहाला. पहाट त्याने स्वतःच्या लग्नात पाहिली असेल तेवढीच.

"मला विचाराल तर सूर्यच बंद करतात," कंडक्टर म्हणाला. "सर्व्हिसिंगला. आपल्या गाड्या नाही का उभ्या राहत?"

"आणि सर्व्हिसिंग कोण करणार, हा फोरमन? मग आठवडाभर अंधार."

हशा झाला. फोरमनही हसला, पण बशी त्याने हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

कंट्रोलर बाई दाराशी उभी राहून हे ऐकत होती आणि हसत नव्हती. कुणी कुठली गाडी न्यायची हे ती ठरवायची, त्यामुळे माणसाच्या बोलण्यात रजा कुठे दडली आहे हे तिला वासावरून कळे. माणसाचं पोट सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, आणि चुलत सासरा एकदाच मरतो, हे तिचे दोन सिद्धांत होते. ग्रहणाला अजून दोन दिवस मध्ये असताना डेपोत तिघांना चक्कर येऊ लागली होती. आणि आता दादा.

दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. डेपोत सगळे त्याला उस्ताद म्हणत, चारचौघांत तीही तेच म्हणे. निवृत्तीला वर्षभर उरलेलं. जन्मात कधी आकाशाकडे न बघितलेला माणूस एकाएकी ग्रहगोलांवर बोलायला लागतो, तेव्हा त्याला शनिवारी घरी बसायचं असतं. शिवाय उस्ताद गाडी काढत नाहीत म्हटलं की बाकीचे कशाला काढतील?

"उस्ताद," ती म्हणाली, "तुमचं ते काळं शनिवारी आडवं आलं तरी पहिली गाडी निघेल ना?"

"खांबसुद्धा आडवा येतो त्यांना," कंडक्टर म्हणाला. "मग ग्रहाचं काय घेऊन बसलात!"

पुन्हा हशा. गेल्या महिन्यात दादाने गाडीचा आरसा फोडला होता आणि कारण सांगितलं होतं, 'खांब आडवा आला.' ड्रायव्हरच्या भाषेत सगळंच आडवं येतं: कुत्रं, हातगाडी, नशीब. तिनेही तेव्हा हसून विषय मिटवला होता.

"मी कधी रजा मागितली का तुझ्याकडे?" दादा म्हणाला. आवाज जरा चढलाच. ती आणखी सावध झाली. रजा न मागणारा माणूस एवढा चिडत नाही.

दुसऱ्या दिवशी ती उजाडायच्या आधीच डेपोत आली. याच्या सिद्धांताचं तोंड एकदा बंद केलं की शनिवारचा प्रश्न सुटला, असा तिचा हिशेब. आणि चंद्र होता! वर्कशॉपच्या पत्र्यावर, खाली झुकलेला, कापून टाकलेल्या नखासारखा. गाड्या धुणारी बाई पाइप हातात धरून त्याच्याकडेच बघत होती.

"किती बारीक झालाय बघा," ती म्हणाली. "घरी कोणी जेवायला घालत नसेल."

दादा पहिल्या गाडीत चढलाच होता. बाहेर थांब्यावर कामाला जाणारी माणसं उभी होती. कुणाच्या कडेवर झोपलेलं मूल होतं.

"दादा, खाली ये. तुझं कोरं आकाश दाखवते."

तो उतरला. तिने बोट केलं. "वर्कशॉपच्या वर."

त्याने पाहिलं. मान किंचित डावीकडे वळवली, मग उजवीकडे, कोंबडी दाण्याकडे बघते तशी.

"ढग आहे तिथे."

ढग नव्हता. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. थट्टा करताना त्याच्या मिशीचं एक टोक हलायचं. ते हलत नव्हतं.

 तिने हात वळवला आणि पाण्याच्या टाकीकडे बोट केलं. तिथे काहीही नव्हतं.

"चुकलेच मी. टाकीच्या वर बघ. अगदी बारीक आहे."

"हां, हां!" दादा लगेच म्हणाला. "दिसला की. हरलो बाई. तुझा चंद्र खरा."

पन्नास वर्षांत तो तिच्याशी कुठल्याही वादात हरला नव्हता. कॅरममध्येसुद्धा.

बाहेर कुणीतरी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. धुणाऱ्या बाईने पाइप दुसरीकडे वळवला.

"दादा, टाकीवर चंद्र नाहीये."

 तो चष्मा काढून शर्टाला पुसू लागला. एक काच पुसून झाली, तरी तीच पुसत राहिला.

"कडेनं सगळं दिसतं," तो हळू म्हणाला. "अगदी स्वच्छ. रस्ता तर पाठच आहे. फक्त मधोमध काहीतरी येतं. काळं."

"कधीपासून?"

"तुझ्या वहिनीला सांगू नकोस."

"दादा, कधीपासून?"

"ते चंद्र नाही, एवढंच सांगत होतो मी," तो म्हणाला.

तिने रात्रपाळीहून परतलेल्या ड्रायव्हरला हाक मारली. तो कुरकुरत आला, पण तिचा चेहरा बघून मुकाट उभा राहिला. मग तिने दादासमोर हात पसरला.

"वर्षच राहिलंय गं," दादा म्हणाला.

 तिने हात मागे घेतला नाही.

त्याने खिशातून किल्ली काढली आणि पुढे केली, तिच्या तळव्यापासून वीतभर बाजूला. तिने आवाज न करता हात सरकवून किल्लीखाली नेला.